मऊ पार्क बोर्ड आणि जुन्या धाटणीचे बाइंडिंग : पारख कशी करावी

पार्कमधल्या रेल (धातूचे दांडे), बॉक्स (रुंद पेट्या) आणि छोट्या उड्या यांसाठी बनवलेल्या स्नोबोर्डला पार्क बोर्ड म्हणतात. त्यातला मऊ प्रकार पायाच्या थोड्याशा दाबानेही वाकतो. त्याची पुढची-मागची टोके एकसारखी असतात आणि डोंगरभर फिरण्यासाठी तोच माणूस जो बोर्ड घेईल, त्यापेक्षा याची लांबी दोन-चार सेंटिमीटरने कमी ठेवतात. बूट बोर्डाला बांधून ठेवते ते बाइंडिंग, आणि हायबॅक म्हणजे बाइंडिंगचा पोटरीमागचा उभा आधार. जुन्या धाटणीच्या बाइंडिंगमध्ये तो बुटका असतो किंवा मुळीच नसतो, तळपट्टी पातळ असते आणि बुटाच्या पंजावरून साधा आडवा पट्टा जातो. ही जोडी बऱ्याचदा एकत्र विकत घेतली जाते आणि एकत्रच तपासली जाते. चाचणी फसते ती इथेच. बोर्ड टाचेच्या कडेवर, म्हणजे टाचेकडच्या धातूच्या धारेवर, घसरला, तर दोष बोर्डाचा की बाइंडिंगचा हे कळायला मार्ग उरत नाही आणि खापर बहुधा बोर्डावर फुटते. म्हणून या चाचणीचा पहिला नियम असा की एका वेळी एकच गोष्ट बदलावी. बोर्ड आधी ओळखीच्या, नेहमीच्या उंचीचा हायबॅक असलेल्या बाइंडिंगवर चालवून बघावा, मग त्याच उतारावर जुन्या धाटणीचे बाइंडिंग लावावे आणि शेवटी एकदा पुन्हा पहिल्या बाइंडिंगवर यावे. तिसरी फेरी कंटाळवाणी वाटते, पण दरम्यान बर्फ बदलला की बाइंडिंगमुळे फरक पडला, याचा निवाडा तीच करते.

हायबॅक आला कुठून, हे ठाऊक असले की तो काढल्यावर काय जाते हेही कळते. १९६५ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात, मस्कीगन येथे शर्मन पॉपेन यांनी मुलींसाठी दोन स्की एकत्र जोडून फळी केली. तिला पुढे ‘स्नर्फर’ हे नाव मिळाले. तिच्यावर पाय बांधायची सोय नव्हती, टोकाला फक्त दोरी होती. जेक बर्टन कारपेंटर यांनी १९७७ मध्ये व्हरमॉन्टमध्ये बोर्ड बनवायला सुरुवात केली. पाय पट्ट्यांनी बांधणे रूढ झाले तरी घट्ट दाबलेल्या उतारावर टाचेची कड धरून राहणे अवघडच होते. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला हायबॅक आला, त्याचे श्रेय सहसा जेफ ग्रेल यांना दिले जाते. त्यानंतर टाचेची कड हुकमी झाली. १९९०च्या दशकात स्केटबोर्डकडून बर्फाकडे वळलेल्या पोरांना घोट्याची मोकळीक हवी होती. त्यांनी हायबॅक करवतीने कापून बुटके केले, कोणी ते काढूनच टाकले. आजच्या जुन्या धाटणीच्या बाइंडिंगचे रूप त्या काळातले, पण प्लास्टिक आणि बकल नवे. खरोखरच तीस वर्षे जुने बाइंडिंग कुठे मिळाले, तर ते भिंतीवर टांगावे, पायाला बांधू नये. ऊन आणि थंडी खाल्लेले प्लास्टिक ठिसूळ होते आणि पट्टा उडी मारतानाच तुटू शकतो.

बर्फावर जाण्याआधी

मऊपणाचा आकडा बोर्डावर किंवा माहितीपत्रकात छापलेला असतो, बहुधा १ ते १० मध्ये. या आकड्याला सर्वमान्य मापदंड नाही. प्रत्येक कंपनी स्वतःच्या बोर्डांशी तुलना करून तो ठरवते, त्यामुळे एकीचा ३ दुसरीच्या ५ जवळही जाऊ शकतो. शिवाय माणसाच्या वजनाने गणित पालटते. बोर्डाला सांगितलेल्या वजनमर्यादेच्या वरच्या टोकाला असलेल्या माणसाला तोच बोर्ड फारच मऊ लागतो आणि हलक्या मुलीला तो पुरेसा ताठ वाटू शकतो. आकड्यापेक्षा हाताची चाचणी भरवशाची. बोर्डाची टेल, म्हणजे मागचे टोक, सतरंजीवर टेकवावी, वरची बाजू स्वतःकडे ठेवावी, एका हाताने नोज, म्हणजे पुढचे टोक, धरून ती आपल्याकडे ओढावी आणि दुसऱ्या हाताचा तळवा मधोमध ठेवून बोर्ड पुढे दाबावा. बोर्ड किती वाकतो याच्याइतकेच तो कुठे वाकतो हेही डोळ्यांनी टिपावे. काही बोर्ड दोन पायांच्या मध्ये वाकतात. ते पायाखाली जिवंत लागतात, पण उडी उतरताना मध्येच खचल्यासारखे वाटतात. काही पायांच्या बाहेर, टोकांकडे वाकतात. नोज किंवा टेलवर भार देऊन घसरायचे असेल, म्हणजे प्रेस करायचे असेल, तर हे बरे. मग टेल पायांत धरून नोज दोन्ही हातांनी पिळून बघावी. आडव्या पिळाला बोर्ड किती दाद देतो, यावर कड बदलायला तो किती चटकन तयार होतो हे ठरते. लांबीचा मऊपणा आणि पिळाचा मऊपणा या वेगळ्या गोष्टी आहेत आणि माहितीपत्रक त्यांना सर्रास एकाच आकड्यात कोंबते.

बोर्डाची कमान कागदाने कळते. फरशीवर बोर्ड ठेवून त्याखालून एक साधा कागद सरकवावा. मधल्या भागातून कागद आरपार गेला आणि टोकांजवळ अडकला, तर तो कॅम्बर. मध्ये अडकला आणि टोकांकडे मोकळा गेला, तर रॉकर. मध्यापासून टोकाच्या वळणापर्यंत कुठेच शिरला नाही, तर सपाट. अनेक बोर्डांत या प्रकारांचे मिश्रण असते, उदाहरणार्थ दोन पायांच्या मध्ये रॉकर आणि पायांखाली कॅम्बर. कॅम्बर कड चांगली धरतो आणि ऑली, म्हणजे टेल वाकवून घेतलेली उडी, मारताना उसळी देतो, पण चुकीला माफ करत नाही. रॉकर बॉक्सवर सैल आणि खेळकर, कड सहजी न अडकवणारा, पण सपाट सरळ घसरताना डावी-उजवीकडे भरकटतो. मऊपणा आणि रॉकर एकत्र आले की हे भरकटणे दुप्पट जाणवते, तेव्हा निष्कर्ष काढताना दोन्हींचा वाटा वेगळा धरावा.

तळ दोन प्रकारचा असतो. एक्स्ट्रूडेड तळ स्वस्त, दुरुस्तीला सोपा आणि मेण न लावताही बरा चालणारा. सिंटर्ड तळ मेण अधिक शोषतो, वेगवान आणि चिवट असतो, पण मेणाची हयगय झाली तर तो कोरडा पडून अडखळू लागतो. पार्कमध्ये रेलवर तळाची सालटी निघतातच, म्हणून पुष्कळ पार्क बोर्डांना पहिला प्रकार दिलेला असतो. त्यात कमीपणा काही नाही. चाचणीच्या आदल्या दिवशी तळाला ताजे मेण लावावे, नाहीतर कोरड्या तळाचा संथपणा बोर्डाच्या नावावर जमा होतो.

रुंदीची चाचणी बूट ठेवूनच करावी. बाइंडिंग ज्या कोनात बसणार त्या कोनात बूट ठेवला असता पंजा आणि टाच दोन्ही बाजूंना साधारण एक ते दोन सेंटिमीटर बाहेर यावीत, आणि दोन्हीकडे सारखी. पंजा जास्त बाहेर असेल, तर तीव्र वळणात बूट बर्फाला घासतो आणि कड उचकटते. पाय मोठा असेल, तर रुंद बोर्ड घेण्याला पर्याय नाही.

बाइंडिंग बसवताना

आजच्या बहुतेक बोर्डांत चार स्क्रूंची सोय असते, भोके ४ बाय ४ किंवा २ बाय ४ सेंटिमीटर अंतराने. बर्टनच्या बोर्डांत भोकांऐवजी लांब खाच असते आणि तिथे प्रत्येक बाइंडिंगला दोनच स्क्रू लागतात. जुन्या धाटणीचे बाइंडिंग विकत घेण्याआधी त्याची मधली, स्क्रू ज्यातून जातात ती चकती आपल्या बोर्डावर बसते का, हे दुकानातच लावून बघावे. नंतर धावाधाव करण्यापेक्षा ते सोपे.

स्क्रू सहा मिलिमीटर जाडीचे असतात. त्यांची लांबी हा बारीक वाटणारा पण महत्त्वाचा मुद्दा. पातळ तळपट्टीच्या बाइंडिंगला जाड बाइंडिंगचा स्क्रू लावला, तर तो खोल जाऊन भोकाच्या बुडाला टेकतो आणि बोर्डाच्या तळावर फुगवटी येते. बोर्ड उलटा करून प्रकाशात तिरका धरला की ती दिसते, बोटालाही लागते. उलट स्क्रू आखूड पडला, तर दोन-तीन आट्यांवरच सगळा भार येतो आणि जोराच्या उडीत आटे उपटून निघतात. तीन नंबरचा, टोकाला नीट बसणारा पोझिड्राइव्ह घ्यावा. आधी सगळे स्क्रू हाताने सैल लावून घ्यावेत आणि मग समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळत जावे. स्क्रू पकडून ठेवणारे रसायन वापरायचे असेल, तर आधी उत्पादकाची सूचना वाचावी, कारण काही रसायनांनी प्लास्टिकच्या चकतीला तडे जातात.

दोन पायांतले अंतर बोर्डावर दाखवलेल्या शिफारशीच्या खुणांपासून सुरू करावे आणि दोन्ही बाइंडिंग बोर्डाच्या मध्यापासून समान अंतरावर ठेवावीत. पार्कमध्ये दोन्ही दिशांनी चालायचे असल्याने पुढचा पाय अधिक १५ अंश आणि मागचा उणे १५, किंवा १२ आणि १२, अशी बदकचाली मांडणी सोयीची. जुन्या धाटणीच्या पुष्कळ बाइंडिंगमध्ये टाचेचा कंस पुढे-मागे सरकत नाही, म्हणून बूट मध्यावर आणायचे काम चकतीच्या लांबट खाचांनाच करावे लागते. त्या खाचा पंजा-टाच दिशेने वळवून लावाव्यात. तुलनेसाठी दोन्ही बाइंडिंगचे अंतर आणि कोन तंतोतंत एकच हवेत. ते कागदावर लिहून ठेवावेत. बूटही तेच हवेत.

भाड्याने मिळणाऱ्या चाचणीच्या बोर्डांबाबत एक सावधगिरी. त्यांवर बहुधा कुठल्याही मापाच्या बुटाला झटपट जुळणारी, सरकत्या पट्टीची जाड बाइंडिंग असतात. ती पाय उंच करतात आणि पायाखालचा बोर्ड ताठ भासवतात. दुकानदाराला विचारून स्वतःचे बाइंडिंग लावता आले, तर उत्तम.

बर्फावर

चाचणीला बॉक्स, रेल आणि उड्यांची नीट निगा राखलेले पार्क लागते. कॅलिफोर्नियातील मॅमथ, कोलोरॅडोतील ब्रेकेनरिज, स्वित्झर्लंडमधील लाक्स ही त्यासाठी नावाजलेली ठिकाणे. बे एरियात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना लेक टाहो परिसरातली बोरियल किंवा नॉर्थस्टारची पार्क जवळ पडतात. गुलमर्गची कीर्ती खोल, मोकळ्या बर्फाची आहे आणि आखूड मऊ पार्क बोर्डाचे ते घर नव्हे. गुलमर्ग किंवा औलीला शिकलेल्या माणसाने असा बोर्ड तिथल्या अनुभवावर तोलू नये.

सुरुवात लिफ्टच्या पायथ्याच्या सपाट जागेवर करावी. दोन्ही पाय बांधून आधी जागच्या जागी भार नोजवर, मग टेलवर न्यावा. किती जोर लावल्यावर दुसरे टोक उचलले जाते, वाकलेला बोर्ड सोडल्यावर झटकन सरळ होतो की आळसटल्यासारखा, हे बघावे. नुसता मऊपणा सोपा असतो. मऊ असूनही उसळी टिकवून धरणे हे चांगल्या बांधणीचे लक्षण, आणि याच ठिकाणी स्वस्त आणि चांगला बोर्ड वेगळे पडतात. दोन-चार ऑली मारून टेल पायाखाली खचते की फेकते, तेही इथेच कळते.

मग सोपा, यंत्राने नीट दाबलेला, रुंद उतार. याच टप्प्यावर बोर्ड आणि बाइंडिंग यांचे दोष वेगळे करता येतात, म्हणून इथे वेळ काढावा. पंजाच्या कडेवर भार बुटाच्या पुढच्या भागावर आणि घोट्याच्या पट्ट्यावर येतो, त्यात हायबॅकचा संबंध जवळजवळ नसतो. टाचेच्या कडेवर मात्र माणूस गुडघे वाकवून मागे बसतो, पोटरी हायबॅकवर रेलते आणि हायबॅक तरफेसारखा टाचेची कड बर्फात रोवतो. तो नसेल, तर पाठ नसलेल्या स्टुलावर बसल्यासारखे होते, तोल सगळा स्वतःच्या अंगाने सांभाळायचा. कड रोवायला मग एकच उपाय राहतो, तो म्हणजे पायाची बोटे वर ओढून पट्ट्यातून बोर्डाची पंजाकडची बाजू उचलणे. यावरून निदानाचा सरळ मार्ग निघतो. बोर्ड दोन्ही कडांवर घसरत असेल, तर कारण बोर्डात किंवा बोथट कडांत शोधावे. फक्त टाचेवर घसरत असेल, तर बाइंडिंगमध्ये. दोन्हीकडे वळण उशिरा सुरू होत असेल, तर बोर्डाच्या पिळाचा मऊपणा किंवा सैल बूट तपासावा. बूट सैल निघतो असे बऱ्याचदा घडते, आणि दोष मात्र फळीला दिला जातो. हायबॅक नसताना बुटाची मागची बाजूच पोटरीचा आधार होते, त्यामुळे मऊ बोर्ड, बुटके बाइंडिंग आणि त्यावर मऊ बूट ही तिहेरी जोडणी बहुतेकांना झेपत नाही. जुन्या धाटणीच्या बाइंडिंगसोबत मध्यम ताठ बूट घ्यावा, हे मत पक्के धरायला हरकत नाही.

याच उतारावर मोकळी जागा बघून वेग हळूहळू वाढवावा. एका वेगानंतर मऊ बोर्डाची नोज फडफडू लागते, कड थरथरते आणि वळणात टेल सुटते. ती त्या बोर्डाची मर्यादा. ती कुठे येते हे समजून घ्यायचे, ओलांडायची नाही. उड्यांच्या रांगेत जितका वेग लागतो तितक्यात बोर्ड थरथरत असेल, तर तो रेल आणि बॉक्सचाच बोर्ड आहे असे समजावे. हे वैगुण्य म्हणून नव्हे, कामाची वाटणी म्हणून लिहून ठेवावे. सकाळचा कडक बर्फ आणि दुपारचा ओला, विरघळता बर्फ यांत एकच बोर्ड दोन वेगळे बोर्ड वाटतात. दोन्ही बाइंडिंगची तुलना लागोपाठ, शक्यतो त्याच तासात करावी. मऊ बोर्डाची खरी परीक्षा सकाळी होते, दुपारचा बर्फ सगळ्यांनाच सांभाळून घेतो.

कडांची धार या फेऱ्या होईपर्यंत कारखान्यातून आली तशीच ठेवावी. धातूच्या रेलवर तीक्ष्ण कड रुतते आणि माणूस पुढे फेकला जातो, म्हणून रेलला जाण्याआधी दोन पायांमधली कड आणि टोकांजवळचे स्पर्शबिंदू कानसीने किंवा रबरी घासणीने बोथट करतात. आधी बोथट केली, तर उतारावरची पकड कळतच नाही. एकदा बोथट केलेली धार मात्र नंतर सहसा पूर्ण परत आणता येत नाही. बोर्ड दुकानाचा असेल, तर कानस लावण्याआधी परवानगी घ्यावी आणि नसेल तर रुंद प्लास्टिकच्या बॉक्सपुरतेच थांबावे.

पार्कमध्ये शिरताना हेल्मेट हवेच. नवशिक्यांच्या दुखापतींत मनगटाच्या दुखापती फार, म्हणून मनगटाचे रक्षकही घालावेत. अमेरिकी पार्कमध्ये लहानापासून सुरुवात करा, आधी बेत ठरवा, नेहमी बघून जा, इतरांचा मान राखा, जमेल तेवढेच करा असे पाच नियम फलकांवर लिहिलेले आढळतात. चाचणीसाठी आलेल्या अनुभवी माणसालाही ते तितकेच लागू, कारण पायाखालची फळी त्याला अनोळखी असते.

पहिला बॉक्स रुंद, जमिनीलगतचा, उडी न मारता चढता येणारा निवडावा. सरळ येऊन तळ सपाट ठेवावा, कड मुळीच लावू नये. मग टेलवर, नोजवर भार देऊन प्रेस. इथे मऊ बोर्ड आपले गुण दाखवतो, आणि जुन्या धाटणीचे बाइंडिंगही. हायबॅक नसल्याने घोटा मागे आणि बाजूला मोकळा झुकतो, प्रेस खोल जाते आणि हवेत बोर्ड पकडून पाय ताणणेही मोकळेपणाने होते. नेहमीच्या बाइंडिंगवर जी प्रेस निम्म्यात अडते, ती इथे पूर्ण होते का हे मुद्दाम बघावे. होत नसेल, तर या बाइंडिंगसाठी टाचेची पकड गमावण्यात अर्थ नाही.

उडी शेवटी, आणि छोटीच. वेग किती हवा हे आधी इतरांना बघून ठरवावे आणि कमी करायचा असेल तर चढावर पोहोचण्याआधीच करावा. उतरताना भार मागे गेला, तर ताठ टेल माणसाला सावरून धरते, मऊ टेल मात्र वाकते आणि बोर्ड पायाखालून पुढे निसटतो. हायबॅकही नसेल, तर मागचा शेवटचा आधारही गेलेला असतो. उतरणीवर दोन्ही पायांवर सारखा भार घेऊन हे दोन-तीनदा जमले, तर जोडी वापरण्याजोगी. पातळ तळपट्टीत गादी थोडी असते, त्यामुळे सपाट जागी आपटल्यावर टाचांना कळ येते का, तेही नोंदवावे.

पट्ट्यांची नोंद वेगळी ठेवावी. पंजावरून आडवा जाणारा पट्टा बूट खाली दाबतो. बुटाच्या टोकावर चढणारा आजचा टोपीसारखा पट्टा त्याला मागे, टाचेच्या कंसात ढकलतो. म्हणून जुन्या प्रकारात टाच किंचित उचलली जाण्याची शक्यता जास्त. ती थांबवायला पट्टा फार आवळला की पंजा बधिर होतो. लिफ्टवर बसल्यावर बोटांना मुंग्या येत असतील, तर पट्टा एक खाच सोडून घोट्याचा पट्टा थोडा वर सरकवून बघावा.

पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर स्क्रू पुन्हा तपासावेत, कारण थरथरण्याने ते हमखास सैल होतात. दिवस संपल्यावर बोर्ड पुसून कोरडा करावा. भोकांच्या जागी तळावर फुगवटी, बाजूच्या भिंतीला चीर, थर सुटल्याची खूण, कडेला तडा यांसाठी बोटे फिरवून बघावी, बाइंडिंगच्या तळपट्टीवर आणि पट्ट्यांच्या खाचांवर पांढरट रेघा दिसतात का तेही पाहावे. ताण पडलेले प्लास्टिक आधी पांढरे पडते, मग तुटते. नवा बोर्ड वापराच्या पहिल्या काही दिवसांत आणखी थोडा मऊ होतो, म्हणून सतरंजीवरची हाताची चाचणी आठवडाभराच्या वापरानंतर पुन्हा करून पहिल्या नोंदीशी ताडून बघावी. पहिल्याच दिवशी अगदी काठावर मऊ वाटलेला बोर्ड तेव्हा हाताबाहेर गेलेला असेल, तर त्याच बोर्डाची एक माप लांब आवृत्ती किंवा एक पायरी ताठ बोर्ड घ्यावा आणि बाइंडिंग तसेच ठेवावे.